बाटलीतला धूर

चाचा वास घेताना डोळे उघडे ठेवत. डोळे मिटून, मान मागे टाकून अत्तर हुंगणारं गिऱ्हाईक आलं की ते गेल्यावर म्हणायचे, "नाटकी. नाकाला अंधार कशाला पाहिजे? त्याला काय झोपायचं हाय?" दोन-तीन वास घेऊन झाले की ते सदऱ्याची बाही वर सरकवून स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक खुपसत. नव्या माणसाला ते विचित्र दिसे. चाचांचं म्हणणं असं, की माणसाला स्वतःचा वास येत नाही, म्हणून थकलेलं नाक तिथं विसावतं. "घरी जाऊन येतंय," असं ते सांगायचे.

नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचं अत्तराचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात बदामाचं झाड आणि धुण्याचा दगड, वर राहायची एक खोली. चाची मी यायच्या आधीच वारल्या होत्या. दोन्ही मुली हैदराबादेत दिलेल्या. मी तिथं अकरा वर्षं काम केलं. रिकाम्या शिश्या धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, काचेच्या काडीनं अत्तर भरायचं आणि कापसाचे फाये वळायचे. फाया म्हणजे अत्तर लावून कानात ठेवायचा कापसाचा बोळा.

मी मुदखेडची. चौथी झाली आणि शाळा सुटली. नवरा दारूनं गेला, तो कसा गेला ते लिहीत नाही. त्यानंतर नांदेडला बहिणीकडे आले. कुणीतरी सांगितलं, अत्तरवाल्या चाचांना हलक्या हाताची बाई पाहिजे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. दोन हात लांबून म्हणाले, "साबण कोणता लावतीस?" मी खाली बघत राहिले. तेच म्हणाले, "गुलाबाचा. खोटा गुलाब हाय त्याच्यात. उद्यापासून नक्को. चुलीच्या धुराचा वास आला तर चालंल. तो खरा असतो."

मला माणसांत बोलता येत नाही. आताही येत नाही. घशात शब्द येतो आणि समोरच्याचे डोळे दिसले की परत जातो. चाचांना त्याचं काही वाटत नसे. कुणी विचारलंच तर सांगायचे, "हिच्या तोंडातून वारा येत न्हाई, म्हणून माझा माल उडत न्हाई."

बाजारात त्यांच्या नाकाला मान होता. लोक तूप आणायचे, केशर आणायचे, हिंग आणायचे. चाचा हुंगून सांगायचे आणि त्यावर वाद होत नसे. मागून कोण आलं ते न वळता ओळखायचे. एका मास्तरांना त्यांनी दुकानाच्या पायरीवरच सांगितलं होतं, की तुमच्या अंगाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन राहिला, दवाखान्यात जाऊन या. मास्तर रागावून गेले. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आले, आणि डॉक्टरनं पेढे बंद केलेत असं सांगून पुडा चाचांकडेच ठेवून गेले.

त्यांची आणखी एक सवय होती. आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना ते करंगळीएवढ्या शिशीत ठेवत. काचेचं घट्ट बूच, वर कागदाची चिठ्ठी. "माणूस विसरतो, शिशी विसरत न्हाई," असं त्यांचं बोलणं. भिंतीतल्या फडताळात अशा शेकडो शिश्या होत्या. त्या पुसायचं काम माझं. पुसताना बूच काढून मीही वास घेत असे. चाचांना ते माहीत होतं. कधीमधी ते दोन फाये माझ्यापुढे धरून विचारायचे, "कोणता जुना?" मी बोटानं दाखवायची. बरोबर आलं तर ते काहीच म्हणत नसत. चूक आली तर म्हणायचे, "कोपर हुंग."

गुत्तेदार लातूरचे. रस्त्यांची कामं घेत. त्यांच्या मुलीच्या लग्नात अत्तर चाचांकडून गेलं, तेव्हापासूनची ओळख. एका दुपारी ते कापडी पिशवीत बाटली घेऊन आले.

"चाचा, मेहुण्यानं दुबईहून आणली. स्कॉच हाय. पण लोकं म्हणतेत, बाहेरच्या बाटलीत भी इथलंच भरून देतेत. तुम्ही तुपाचं सांगता, हिंगाचं सांगता. हिचं सांगा की."

चाचांनी बाटलीला हात लावला नाही. "दुकानात नक्को. मागं चला."

धुण्याच्या दगडावर बाटली ठेवली. गुत्तेदारांनी पुठ्ठ्यावरचं थोडं वाचलं, थोडं मेहुण्याकडून ऐकलेलं सांगितलं. ही ब्लेंडेड माल्ट. म्हणजे नुसती मोड आणलेल्या जवाची, दुसरं धान्य हिच्यात चालत नाही. पण एका भट्टीची नाही. पाच-सहा भट्ट्यांची वेगवेगळी दारू लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवायची आणि मग एकत्र करायची.

चाचा दगडाशेजारी उकिडवे बसले. "म्हणजे मजमुआ," ते म्हणाले.

मजमुआ हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त खपणारं अत्तर. खस, केवडा, ओल्या मातीचं अत्तर, असं चार-पाच अत्तरं एकत्र बांधून केलेलं. चाचा त्यातल्या एकेका वासाला घर म्हणायचे. चार घरांचा मजमुआ, पाच घरांचा मजमुआ.

मला त्यांनी छोटा पेला तीनदा धुऊन आणायला सांगितला. गुत्तेदारांनी त्यात अंगठाभर ओतली. मी दाराआड उभी राहिले. चाचांनी पेला छातीपाशी धरला, नाकाशी नेला नाही.

"आधी दरवान येतो," ते म्हणाले. "झोंबतो. त्याला जाऊ द्यायचं, मग घरात शिरायचं."

थोड्या वेळानं काडीनं पाण्याचे तीन थेंब टाकले. पेला हळूहळू वर आणला.

"मध. ताजा न्हाई, पोळ्यात काळा पडलेला." थांबले. "खारीक अन मनुका, एकाच घरात." पुन्हा थांबले. "लाकूड. आजीच्या संदुकीचं असतं तसं. मग संत्र्याची वाळलेली साल." बाही सरकवून कोपर हुंगलं आणि परत पेल्याकडे आले. या वेळी खूप वेळ गेला. "अन सगळ्यात मागं एक जण बसलाय. धूर. शेतातली आगटी विझवायला पाणी मारावं, तसा. जरा दवाखान्याच्या पट्टीसारखा. थोडाच हाय, पण बाकीचे चार त्याच्या धाकात हायत. पाच घरं झाली. आता तुम्ही प्या."

गुत्तेदार हसले. "तुम्ही न्हाई घ्यायची?"

"जीभ अमानत हाय, ती वापस करायची हाय. नाक माझ्या धंद्याचं हाय. प्या तुम्ही, मी विचारतो. जिभेच्या टोकाला काय?"

"गोड."

"कडेला?"

"तुरट... चाचा, मी असं कधी पिलोच न्हाई. आपलं घोट घेतला की संपलं."

"हळू. आता गिळा. गिळल्यावर?"

गुत्तेदारांनी ओठांवरून जीभ फिरवली. "धूर हाय," ते म्हणाले. "लई वेळ राहून राहिला."

"मग खरी हाय. नाक अन जीभ एकच बोलले."

एक फाया त्यात बुडवून चाचांनी बदामाच्या फांदीला अडकवला. दुसऱ्या दिवशी त्यात लाकूड आणि धूर राहिला होता. एसेन्स टाकलेली दारू असती तर नुसता गोडूस वास उरला असता, असं त्यांनी मला सांगितलं. नमुन्याची शिशीही भरली, पण ती फडताळात ठेवली नाही. अंगणाच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथं पत्र्याच्या डबीत ठेवली.

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा गुत्तेदार बाटली घेऊन येऊ लागले. ओळखीच्या दोघांनी चाचांना टोकलंही, की या वयात हे काय. चाचांनी तेच अमानतीचं उत्तर दिलं. पण गुत्तेदार गेल्यावर ते पेला लगेच धुवायला देत नसत. एकदा म्हणाले, "कोणी तरी बसून हे बांधलं असंल. पाच घरं अशी, की एक भी दुसऱ्याच्या अंगावर पडत न्हाई. त्याला शाबास म्हणायला पाहिजे. अन मी नुसतं नाक घेऊन बसलोय." मग पेला माझ्याकडे दिला आणि हात कोपरापर्यंत धुतले. मला त्या वासानं नवऱ्याची आठवण व्हायला पाहिजे होती. झाली नाही. नवऱ्याच्या तोंडाचा वास वेगळा होता.

गुत्तेदारांची गाडी चालवायला रेणापूरचा एक माणूस होता. चाळिशीचा, काटक, कपाळावर जुनी खोक. साहेब अंगणात बसले की तो दुकानाच्या पायरीवर बसायचा. माझं बोलणं त्याला लागत नसे, दोघांचंही तोच बोलायचा. "अक्का, तुमच्या चाचाला म्हणावं माझा वास घ्या एकदा. डिझेल निघंल अन भजी निघंल, तिसरं घर न्हाई." त्याचा बाप दारूत गेला होता. बापाला मूठमाती दिली त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नव्हता. "लग्नात लोकं गिलास घेऊन मागं लागतेत," तो सांगायचा, "मी आपलं लिंबू-सरबत घेऊन उभा. नाचायला मात्र सगळ्यात पुढं." हे त्यानं मला चार वेळा तरी सांगितलं असेल. प्रत्येक वेळी मी मान हलवली.

मग चाचांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. उठले आणि नेहमीसारखे दुकानात बसले. पण दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, निखाऱ्यावर लोबान टाकायचा त्यांचा रिवाज होता, त्यात फरक पडला. आधी चिमूटभर टाकत. आता मूठ टाकायचे आणि मला म्हणायचे, "लोबान हलका येऊन राहिला. दुकानदार बदल." मी दुकानदार बदलला. दुकान धुरानं इतकं भरायचं की गिऱ्हाईक खोकत. चाचा म्हणायचे, "अजून घाल." मला वाटलं, मरणाच्या दारातून आलेत, भक्ती वाढली असेल. आणखी काही वाटलं होतं का? वाटलं होतं. पण ज्या माणसाचं नाक सगळा बाजार मानतो, त्याला मी काय सांगणार.

त्याच दिवसांत गुत्तेदार पुन्हा आले. बाटली पहिल्यासारखीच, तेच नाव, तोच पुठ्ठा. पण ती त्यांनी लातूरला घरी उघडली होती. दोन पेग घेतले होते. मग कामाच्या धावपळीत बाटली दोन दिवस गाडीतच राहिली.

"हलकी लागून राहिली," ते म्हणाले. "मला सर्दी हाय, माझ्या जिभेचा भरोसा न्हाई. तुम्ही बघा."

चाचांनी सगळं नेहमीसारखं केलं. दरवान जाऊ दिला, थेंब टाकले. मध सापडला. खारीक सापडली. लाकूड, संत्र्याची साल. मग कोपर हुंगलं. परत पेला घेतला. परत कोपर. मी दाराआडून बघत होते. इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"पाचवं घर खाली हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"धूर न्हाई. मजमुआ एकच असंल तर पाचही पाहिजेत. हे ते न्हाई."

गुत्तेदारांनी घोट घेतला. थोडं थांबून म्हणाले, "बरोबर. धूर न्हाईच." चाचांनी सांगितल्यावर त्यांच्या जिभेलाही तो लागेना. मग त्यांनी बाटलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

तो हसतच आत आला. गुत्तेदारांनी उठून त्याच्या तोंडात मारली. कशासाठी ते त्याला नंतर सांगितलं. खरी दारू तू प्यायलास, दुसरी भरून ठेवलीस.

"साहेब, मी पीत न्हाई," तो म्हणाला. "सगळ्या लातूरला ठाऊक हाय."

"लातूरला काय ठाऊक हाय ते मला सांगू नको."

मग तो चाचांकडे वळला. दोन्ही हात पुढे केले, वाकून तोंडही पुढे केलं. "चाचा, तुम्ही घ्या माझा वास. पिलेलो असंल तर तुम्हाला कळंल. तुमच्यापासून काही लपत न्हाई."

चाचांनी वास घेतला नाही. "दोन दिवसांमागं पिलेली कोणाच्या अंगाला राहत न्हाई," ते म्हणाले. हळूच म्हणाले, आणि खरं तेच म्हणाले. पण त्या बोलण्यानं तो माणूस संपला.

चाचांनी सवयीनं नमुन्याची शिशी भरून घेतली आणि बाटली मोरीत ओतली गेली. गुत्तेदार स्वतः गाडी चालवत परत गेले. ड्रायव्हर पायरीवर थोडा वेळ बसला. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. त्यानं तो घेतला नाही, उठून स्टँडकडे चालत गेला.

पेला धुवायला घेतला तेव्हा मला त्यात धूर आला. मी थांबले. मग मनात म्हणाले, काल लोबान झाला, तुझ्या हातांना आहे, पदराला आहे. आणि पेला धुतला.

महिना-दीड महिना गेला. एका सकाळी मी अंगणात शिश्या वाळत घालत होते आणि जळक्या कापडाचा वास आला. आत धावले. निखाऱ्याचं भांडं कलंडून गादीचं टोक पेटलं होतं, चाचांच्या पाठीपासून हातभरावर. ते शांतपणे चिठ्ठ्या लिहीत बसले होते. मी बादली ओतली. ते दचकले, रागावले, मग वळून बघितलं. जळलेलं टोक उचलून नाकाला लावलं. कितीतरी वेळ तसेच धरून बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी रिकामी बादली खाली ठेवली.

"बेटी, कधीपासून?"

"तापापासून," मी म्हणाले. "लोबान हलका नव्हता."

त्यांना मध येत होता, केवडा येत होता, घाम येत होता. नुसता धूर येत नव्हता. एवढंच गेलं होतं, म्हणून त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी मला कोनाड्यातली डबी आणायला सांगितली. ड्रायव्हरला मारलं त्या दिवशीच्या नमुन्याची शिशी काढून हुंगली, पहिल्या बाटलीची हुंगली, आणि दोन्ही माझ्याकडे सरकवल्या.

"मला दोन्ही एकसारख्या येऊन राहिल्या. पहिलीत भी धूर न्हाई आता," ते म्हणाले. "दुसरीत हाय का न्हाई, तू बघ. इथं नक्को, इथल्या भिंतींत लोबान मुरलाय. नदीवर जा. वाऱ्यात बघ."

मी दुसरी शिशी आणि काचेची काडी कमरेला खोचून गोदावरीवर गेले. भर दुपार होती, घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. मी लांब जाऊन बसले. दारूची शिशी घेऊन बसलेली विधवा, कुणी विचारलं तर काय सांगणार होते? बूच काढलं. धूर आला. पण पदर उचलून हुंगला तर त्यालाही लोबान होताच. कोपर हुंगलं, तिथंही तो होता. इतक्या वर्षांत तो माझ्या अंगात गेला होता. माझ्या नाकाचा भरवसा धरावा कसा? एका माणसाचं नाव त्यावर लटकलेलं.

जिभेला लोबान नसतो. मी काडी बुडवली आणि एक थेंब जिभेवर ठेवला.

आधी पोळलं. मग गोड झालं. मी गिळलं आणि घशात धूर राहिला, आगटीवर पाणी मारल्यासारखा, दवाखान्याच्या पट्टीसारखा. गुत्तेदार म्हणाले होते तसा, लई वेळ. चांगली होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण चांगली होती. मग मला रडू आलं आणि मी नदीच्या पाण्यानं चार वेळा चूळ भरली.

परत जाऊन चाचांना सांगितलं, "धूर हाय."

"पक्कं?"

"जिभेला लावून बघितलं."

त्यांनी शिशीचं बूच दाबून बसवलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी लावलीस." मी म्हणाले, त्याच्यासाठी. ते म्हणाले, "उद्या लातूरला जायचं. दोघांनी."

एसटीत चाचा पूर्ण वाट ताठ बसून होते. टोपी नवी घातली होती. गुत्तेदारांचं ऑफिस लातूरच्या स्टँडपासून दहा मिनिटांवर. आत पांढऱ्या कपड्यातले आणखी तिघे बसले होते. गुत्तेदारांनी उठून चाचांना खुर्ची दिली. मला बसायला सांगितलं, मी भिंतीला धरून उभी राहिले.

चाचांनी आडपडदा ठेवला नाही. "माझं नाक गेलंय. धूर कळत न्हाई मला. त्या दिवशी बाटली खरी होती. तुमचा ड्रायव्हर चोर न्हाई, त्याला वापस घ्या. अन दहा लोकांत सांगितलं असंल तर दहा लोकांत वापस घ्या."

गुत्तेदार हसले, प्रेमानंच. "चाचा, जाऊ द्या की. दुसरा ड्रायव्हर आला, गाडी चालून राहिली. अन तुम्ही म्हणता नाक गेलं. मग बाटली खरी होती हे कोणत्या नाकानं कळलं?"

"हिनं बघितलं."

"हिनं? हुंगून?"

"चाखून."

तिघांनी माना वळवल्या. एक जण दुसऱ्याकडे बघून हसला. गुत्तेदार म्हणाले, "काय बाई, तुम्ही घेता?"

पंखा फिरत होता. मला त्या तिघांचे डोळे दिसत होते. लातुरात बोललेलं मुदखेडला संध्याकाळी पोचतं. नवरा दारूत गेला, आता बायको. मागं बहिणीचं घर, त्यांचंही नाव जाणार. हे सगळं मी आता लिहिते आहे, तेव्हा इतकं नीट काही सुचलं नव्हतं. तेव्हा नुसते डोळे दिसत होते. 'हाव', म्हणजे हो, एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"न्हाई," मी म्हणाले.

"चाखली न्हाई?"

"न्हाई."

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील. ते गुत्तेदारांकडे वळले आणि म्हणाले, "मग माझंच काही तरी चुकलं असंल. म्हातारपण हाय."

चहा आला. चाचांनी तो पूर्ण प्यायला. गुत्तेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत सोडलं आणि कानाच्या डॉक्टरला दाखवा, तोच नाकाचं बघतो, असं सांगितलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. चाकूरला गाडी थांबली तेव्हा चाचा उतरले. मला वाटलं, पुढचा प्रवास माझ्याबरोबर करायचा नसेल त्यांना. ते पेरू घेऊन चढले. एक उगाच हुंगला, सवयीनं, आणि माझ्या हातात ठेवला. "सकाळपासून खाल्लं न्हाईस," ते म्हणाले. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी कुणाचं तूप बघितलं नाही, केशर बघितलं नाही. लोक आले तर सरळ सांगायचे, "नाक गेलं. तुमचं तुम्ही बघा." काहींना ती गंमत वाटायची, ते फाया पुढे धरून खात्री करायचे. चाचा तो हातात घेऊन खाली ठेवायचे. ड्रायव्हरची चौकशी त्यांनी दोनदा केली. गुत्तेदारांनी सगळीकडे सांगून ठेवल्यामुळे त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही, एवढं कळलं. चाचांनी त्याला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, चाचा दुकानातच वारले. मुली आल्या, फडताळातल्या शिश्या एका व्यापाऱ्याला दिल्या, चिठ्ठ्या काढून.

दिवाळी झाल्यावर मी एकटी रेणापूरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. तो आता सोयाबीनच्या गोदामात पोती उचलतो. बारीक झालेला. त्यानं मला ओळखलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं आणि अंगणात बाजेवर बसवलं.

मी सगळं सांगितलं. आयुष्यात कुणापुढे एवढं बोलले नव्हते. बाटली खरी होती, चाचांना धूर येत नव्हता, मी नदीवर थेंब चाखला, धूर होता, साहेबांपुढे मी न्हाई म्हणाले. तो ऐकत होता. मधे एकदा विचारलं, "चाचा गेले म्हणं?" मी हाव म्हणाले.

चहा आला. त्यानं बशीत ओतून माझ्यापुढे केला.

"अक्का," तो म्हणाला, "मी पिलो न्हाई, बाटलीत काही भरलं न्हाई, हे मला ठाऊकच हाय की. पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही मला कशाला सांगून राहिल्या? साहेबाचं ऑफिस तिथंच हाय, बदललं न्हाई. तेच लोकं बसतेत."

त्याची बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी चहा प्यायले आणि उठले. तो फाट्यापर्यंत सोडायला आला, एसटीला हात करून थांबवली, कंडक्टरला सांगितलं, अक्काला जागा द्या.

लातूरला उतरले तेव्हा चार वाजले होते. ऑफिस उघडं असणार. स्टँडच्या फाटकापर्यंत मी चालत गेले. नांदेडची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी वळले आणि चढले. खिडकीजवळची जागा मिळाली.